मेल सापडला, पण पत्ते कुठे होते? एका देवस्थानाच्या जुन्या हार्ड डिस्कचं प्रकरण

फोंडा तालुक्यातल्या एका देवस्थानाच्या कार्यालयातलं हे प्रकरण. नाव मुद्दाम घेत नाही. कुळावी, म्हणजे ज्यांचं हे कुलदैवत ते, सगळे विखुरलेले: मुंबई, पुणे, बेळगाव, कारवार, काही आखातात, काही अमेरिकेत. अग्रशाळेत, म्हणजे देवळाच्या धर्मशाळेत, खोली हवी, लघुरुद्र करायचा आहे, प्रसाद पोस्टाने पाठवा, देणगीची पावती अजून मिळाली नाही, असा सगळा व्यवहार बरीच वर्षं ईमेलवर चालतो. तो ईमेल कार्यालयातल्या एकाच संगणकावर येतो आणि त्याच्यासमोर बसतात एक निवृत्त शिक्षक. त्यांना सगळे मास्तर म्हणतात, मीही तेच म्हणतो.

संगणक विंडोज ७ चा, त्यावर आउटलुक २०१०. तो इतका मंदावला होता की सकाळी बटण दाबून मास्तर देवदर्शन उरकून यायचे, तरी पडदा फिरतच असायचा. समितीने तो एका विक्रेत्याकडे दिला. त्याने हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली, विंडोज १० आणि ऑफिस २०१९ टाकलं, डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स नव्या डिस्कवर आणले, मेलचं खातं पुन्हा जोडलं आणि जुनी डिस्क पिशवीत घालून परत दिली. काम वाईट नव्हतं. संगणक पळायला लागला. फक्त आउटलुक उघडलं तर इनबॉक्समध्ये अलीकडचेच मेल, सेंट आयटम्स रिकामं आणि पत्ता एकही नाही. माघातली जत्रा तोंडावर आलेली, खोल्यांचं कबूल केलेलं सगळं त्या मेलमध्ये.

अध्यक्षांचं म्हणणं, मेल इंटरनेटवरच असतो, तो जाईल कुठे? सचिवांचं म्हणणं, डिस्क बदलली म्हणजे सगळं गेलं. दोघांचंही चुकत होतं, आणि ते संगणकाला हात लावण्याआधीच कळण्यासारखं होतं.

चौदा दिवसांची खूण

इनबॉक्समधला सगळ्यात जुना मेल डिस्क बदलण्याच्या बरोबर दोन आठवडे आधीचा होता. हा योगायोग नव्हे. पॉप पद्धतीने खातं जोडलं की आउटलुक सर्व्हरवरचा मेल उतरवून घेतं. आउटलुक २०१० पासून त्यात एक सेटिंग आधीच टिक केलेली येते: प्रत सर्व्हरवर ठेवा, पण १४ दिवसांनी काढून टाका. म्हणजे सर्व्हरवर कायम शेवटचे दोन आठवडेच उरतात, बाकी सगळं आपल्या संगणकात. इनबॉक्स असा दोन आठवड्यांवर कापलेला दिसला की समजावं, खातं पॉपचं होतं आणि खरा साठा जुन्या डिस्कवर आहे.

रिकामं सेंट आयटम्स हा दुसरा पुरावा. पॉप फक्त मेल खाली आणतं, वर काही नेत नाही. देवस्थानाचा मेल जीमेलवर नाही, स्वतःच्या डोमेनवर आहे. त्याचा वेबमेल ब्राउझरमध्ये उघडला तर पाठवलेल्या मेलचं फोल्डर तिथेही कोरं. मास्तरांनी इतक्या वर्षांत पाठवलेलं प्रत्येक उत्तर जगात एकाच ठिकाणी होतं, त्या पिशवीतल्या डिस्कवर. आलेला मेल एखादा कुळावी पुन्हा पाठवू शकतो. आपण काय कबूल केलं ते मात्र आपल्याच दप्तरात हवं.

नव्या आउटलुकमध्येही तीच १४ दिवसांची टिक होती, म्हणजे आता आलेला मेलसुद्धा त्याच वाटेने जाणार. म्हणून सगळ्यात आधी ती टिक काढली. डिस्कचं पुढे.

डिस्क आधीपासूनच मरत होती

संगणक मंद का झाला होता, हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. विंडोज जुनं झालं की मंद होतं, एवढ्यावर सगळे थांबतात. डिस्क माझ्या टेबलावरच्या यंत्राला जोडून स्मार्टचे, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीचे ठेवते ते, आकडे पाहिले तर बदललेल्या सेक्टरांचा, म्हणजे खराब ठरलेल्या छोट्या तुकड्यांचा, आकडा शून्याच्या बराच वर आणि वाचायचे राहिलेले, म्हणजे पेंडिंग सेक्टरही होते. डिस्क एखादा सेक्टर पुन्हापुन्हा वाचून पाहते, तेवढा वेळ विंडोज ताटकळत बसतं. मंदपणा तिथून आलेला. आवाज मात्र सरळ होता. टकटक ऐकू आली असती तर मी डिस्क लगेच बंद करून डेटा रिकव्हरीच्या लॅबकडे पाठवायला सांगितलं असतं. वाचणारं हेड बिघडलेली डिस्क दुकानात फिरवणं म्हणजे उरलंसुरलं घासून काढणं.

अशा डिस्कवर दोन गोष्टी सर्रास केल्या जातात आणि दोन्ही घातक आहेत. एक म्हणजे ती दुसऱ्या विंडोजला जोडून फोल्डर ओढून कॉपी करणं. खराब जागा आली की कॉपी अडकते, माणूस पुन्हा सुरू करतो, डिस्क त्याच दुखऱ्या जागेवर पुन्हा आपटते. दुसरी म्हणजे चेकडिस्क हे विंडोजचं डिस्क तपासायचं साधन चालवणं. चेकडिस्कला फाइल प्रणाली सुसंगत करायची असते, तुमची फाइल वाचवायची नसते. दुरुस्तीच्या नावाखाली ते त्याच मरणाऱ्या डिस्कवर लिहितं.

मी लिनक्सवरून डीडीरेस्क्यू वापरलं. ते आधी सहज वाचता येणारा भाग झपाट्याने उचलतं, अडलेल्या जागा सोडून पुढे जातं, कुठे काय राहिलं त्याचा नकाशा एका फाइलमध्ये ठेवतं आणि मग शेवटी त्या राहिलेल्या जागांकडे वळतं. मध्येच वीज गेली तरी त्या नकाशावरून काम जिथलं तिथून पुढे सुरू होतं. फोंड्यात वीज कशी जाते ते सांगायला नको. पाचशे जीबीची जवळपास सगळी डिस्क एका फाइलमध्ये, म्हणजे इमेजमध्ये, उतरली, शेवटी काही मोजके तुकडे वाचलेच गेले नाहीत.

ते तुकडे नेमके कुठल्या फाइलमध्ये आहेत, हे कळल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नव्हता. त्यासाठी डीडीरेस्क्यूचीच एक सोय आहे, ती फारशी कुणी वापरत नाही. इमेजची आणखी एक प्रत करायची, न वाचलेल्या जागांमध्ये एखादा ठरावीक शब्द भरायचा आणि मग ती प्रत जोडून तो शब्द कुठल्या फाइलींमध्ये सापडतो ते शोधायचं. शब्द सापडला विंडोजच्या काही सिस्टम फाइलींमध्ये, त्यांची फिकीर नव्हती. आणि आउटलुक डॉट पीएसटीमध्ये, म्हणजे आउटलुक सगळा मेल ठेवतं त्या फाइलमध्ये, एकाच जागी.

विक्रेत्याला ती फाइल का दिसली नाही

आउटलुक २०१० नवी पीएसटी फाइल डॉक्युमेंट्समध्ये, आउटलुक फाइल्स नावाच्या फोल्डरात करतं. विक्रेत्याने डॉक्युमेंट्स आणले होते, म्हणजे मेल यायला हवा होता. पण या संगणकावर आधी आउटलुक २००७ होतं. २००७ ची फाइल वेगळ्या जागी असते: युजर्समध्ये खात्याच्या नावाचं फोल्डर, त्यात अ‍ॅपडेटा, त्यात लोकल, त्यात मायक्रोसॉफ्ट, त्यात आउटलुक. अ‍ॅपडेटा लपवलेलं फोल्डर आहे, एक्सप्लोररमध्ये दिसत नाही. ऑफिस वाढवून २०१० केलं तरी जुनी फाइल हलत नाही, होती तिथेच वापरात राहते. डॉक्युमेंट्स आणि डेस्कटॉप उचलणाऱ्या माणसाच्या हाताला ती लागण्याची शक्यता नव्हती. म्हणून डिस्क बदलण्याआधी आउटलुकमध्येच अकाउंट सेटिंग्जच्या डेटा फाइल्स टॅबवर जाऊन फाइलचा खरा पत्ता वाचून घ्यावा. त्याला अर्धं मिनिट लागतं.

त्याच फोल्डरात आणखी एक फाइल होती, आर्काइव्ह डॉट पीएसटी. २००७ च्या काळात आउटलुक दर १४ दिवसांनी विचारायचं की जुनं सामान आर्काइव्ह करू का, आणि मास्तर सज्जनपणे हो म्हणायचे. इनबॉक्समधलं सहा महिन्यांहून जुनं सगळं त्या दुसऱ्या फाइलमध्ये जात राहिलं. कॉन्टॅक्ट मात्र आर्काइव्हमध्ये कधीच जात नाहीत, हे लक्षात असू द्या. पत्ते शोधायला आर्काइव्ह उघडून बसण्यात हशील नाही.

जखमी आउटलुक डॉट पीएसटीच्या प्रतीवर ऑफिसबरोबरच येणारं स्कॅनपीएसटी हे दुरुस्तीचं साधन चालवलं. एकदा चालवून भागत नाही, चूक निघेनाशी होईपर्यंत चालवायचं. मास्तरांच्या बोलण्यातून कळलं की डेटा फाइल नीट बंद झाली नव्हती, तपासत आहोत, असा निरोप त्यांना कितीतरी महिने रोज दिसत होता. यूपीएसची बॅटरी मेलेली, पावसाळ्यात वीज गेली की संगणक धाडकन बंद. म्हणजे फाइलला मार डिस्कचाही होता आणि विजेचाही. काही मेल लॉस्ट अँड फाउंड फोल्डरात पडले, काहींना जोडलेल्या फाइली उघडल्या नाहीत. इनबॉक्स आणि सेंट आयटम्स मात्र आले. खोल्यांचं कबूल केलेलं सगळं त्यात होतं.

आता पत्ते

इथे मला वाटतं बहुतेक जण घसरतात. मेल सापडला, कॉन्टॅक्ट्स फोल्डर उघडलं, त्यात नेमकी समितीच्या लोकांची, बँकेची आणि मंडपवाल्याची नावं. कुळाव्यांपैकी जवळजवळ कुणीच नाही. सचिवांनी लगेच निष्कर्ष काढला, पत्ते खराब सेक्टरात गेले.

मी मास्तरांना विचारलं, "मास्तर, पत्ते तुम्ही ठेवायचात कुठे?"

"ठेवायचे कशाला? दोन अक्षरं मारली की नाव आपसूक यायचं खाली."

या एका वाक्याने काम निम्मं झालं. माणूस ज्याला कॉन्टॅक्ट म्हणतो आणि सॉफ्टवेअर ज्याला कॉन्टॅक्ट म्हणतं, त्या दोन वेगळ्या जागा आहेत. टू च्या चौकटीत टाइप करताना खाली येणारी यादी ही ऑटोकम्प्लीटची. ती पत्त्यांच्या वहीत नसते. आउटलुक २००७ पर्यंत ती एनके२ शेपटीच्या वेगळ्या फाइलमध्ये असायची. २०१० पासून ती पीएसटीच्या आतच एका लपलेल्या नोंदीत असते आणि तिची एक प्रत अ‍ॅपडेटामधल्या रोमकॅश फोल्डरात, स्ट्रीम ऑटोकम्प्लीट अशा नावाच्या फाइलमध्ये. आणि तिला मर्यादा आहे: १००० नावं. त्यापुढे नवं नाव आलं की कमी वापरातलं जुनं गळतं. मास्तरांना वर्षानुवर्षं वाटायचं आपण काहीतरी चुकीचं दाबतो म्हणून जुने लोक यादीतून जातात.

रोमकॅशमधली फाइल नव्या संगणकावर नुसती नेऊन ठेवली तर आउटलुक तिच्याकडे बघत नाही. आधी नव्या आउटलुकमधून एखादा मेल पाठवून बंद करायचं, म्हणजे त्याची स्वतःची तशीच फाइल तयार होते. तिचं नाव टिपून घ्यायचं, तिचं नाव बदलून बाजूला ठेवायची आणि जुन्या फाइलला ते टिपलेलं नाव द्यायचं. मग उघडलं की दोन अक्षरांना नावं यायला लागतात. मास्तरांनी 'का' टाइप केलं आणि यादी पडली, तेव्हा ते खुर्चीत मागे टेकले आणि पहिल्यांदा मला चहा विचारला.

पण हजारांच्या यादीवर समाधान मानायचं नव्हतं. आउटलुक २०१० मध्ये एक सोय होती जी पुढे २०१३ मध्ये काढून टाकली: सजेस्टेड कॉन्टॅक्ट्स. ज्याला तुम्ही मेल पाठवला आणि जो तुमच्या वहीत नाही, त्याची नोंद ते गुपचूप एका फोल्डरात करायचं. मास्तरांनी ते फोल्डर कधी उघडलं नव्हतं, त्यांना ठाऊकही नव्हतं. त्यात आउटलुक २०१० आल्यापासून ज्या ज्या कुळाव्याला त्यांनी उत्तर दिलं तो प्रत्येक जण बसलेला. हजाराची मर्यादा तिथे नाही. दुरुस्त पीएसटी नव्या आउटलुकमध्ये उघडली की हे फोल्डर साध्या कॉन्टॅक्ट फोल्डरासारखं दिसतं, पण टू बटण दाबल्यावर त्यातली नावं येत नाहीत, कारण ते पत्त्यांची वही म्हणून नोंदलेलं नसतं. फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये आउटलुक अ‍ॅड्रेस बुक टॅबवर जाऊन तशी टिक करावी लागते. ही टिक माहीत नसल्याने लोक म्हणतात, कॉन्टॅक्ट आले पण चालत नाहीत.

ज्यांनी मेल पाठवला पण ज्यांना उत्तर मेलने गेलं नाही, फोनवर गेलं, असे काही राहिले. त्यांचे पत्ते आर्काइव्हमधल्या मेलच्या फ्रॉम ओळीतून काढले.

प्रश्नचिन्हं आणि गेलेलं शून्य

सगळे पत्ते एकदा संगणकाबाहेर ठेवायचे ठरलं, गूगल कॉन्टॅक्ट्समध्ये. सरळ वाट म्हणजे आउटलुकमधून सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी तोडलेल्या यादीची साधी फाइल, काढणं. काढली, तर निम्मी नावं ओळीने प्रश्नचिन्हं. मास्तर नावं देवनागरीत लिहितात आणि आउटलुकची ही निर्यात युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्या सामावणाऱ्या पद्धतीत, होत नाही. देवनागरी अक्षराला तिथे जागाच नाही, म्हणून प्रत्येकाच्या जागी एक प्रश्नचिन्ह. एकदा फाइल अशी झाली की ती उलट फिरवता येत नाही, म्हणून ती तपासल्याशिवाय मूळ पुसू नये. उपाय साधा आहे: कॉन्टॅक्ट यादीच्या स्वरूपात दाखवायचे, सगळे निवडून कॉपी करायचे, एक्सेलमध्ये पेस्ट करायचे आणि तिथून सीएसव्ही यूटीएफ-८ म्हणून जतन करायचे. देवनागरी अखंड राहते.

एक्सेलचा मात्र स्वतःचा एक खोडा आहे. ०८३२ ने सुरू होणारे सलग लिहिलेले फोन पेस्ट केले की पुढचं शून्य उडतं आणि पणजीचा, म्हापशाचा, मडगावचा, सगळ्यांचाच नंबर ८३२ ने सुरू व्हायला लागतो. रकाना आधी टेक्स्ट म्हणून ठरवून मग पेस्ट करायचं.

आर्काइव्हमधल्या जुन्या पत्रिकांचं आणखी वेगळं. मेल उघडला, जोडलेली वर्ड फाइल उघडली आणि मजकूर इंग्रजी अक्षरांचा, कंसांचा आणि चिन्हांचा काला. फाइल बिघडलेली नव्हती. युनिकोडच्या आधीचा तो मजकूर, श्री-लिपीच्या फॉन्टमधला, आणि नव्या विंडोजवर तो फॉन्ट नाही. जुन्या डिस्कच्या इमेजमधल्या विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरातून फॉन्ट आणून बसवला आणि मजकूर वाचता आला. गोव्यातल्या ज्या ज्या कार्यालयात मराठी टायपिंग जुनं आहे तिथे फॉन्ट हाही डेटाच समजावा.

एकाच कुळाव्याचे तीन-तीन पत्ते निघाले: एक संचारनेटचा, एक रेडिफमेलचा, एक जीमेलचा. कुठला ठेवायचा ते गूगलच्या मर्ज बटणावर सोडलं नाही. मास्तर शेजारी बसले आणि एकेक नाव सांगत गेले: हे आता मुलाकडे पुण्याला, यांचा मेल सून बघते, हे वारले पण पत्ता ठेव, प्रसाद अजून त्याच नावाने जातो.

मेलचं खातं नव्याने आयमॅप पद्धतीने जोडलं, म्हणजे आलेलं आणि पाठवलेलं दोन्ही सर्व्हरवर राहील. एक गैरसमज इथे हमखास होतो: आयमॅप फक्त मेल नेतं, पत्ते नेत नाही. आयमॅप खात्याखाली आउटलुकमध्ये साठवलेले कॉन्टॅक्ट याच संगणकावर राहतात, म्हणूनच ते गूगलला वेगळे नेले. मेलबॉक्सला होस्टिंगवाल्याने दिलेली जागा लहान होती, त्यामुळे अलीकडची वर्षंच वर चढवली. दुरुस्त पीएसटी आणि आर्काइव्ह संगणकावर ठेवून त्यांच्या प्रती एका बाहेरच्या डिस्कवर घेतल्या, आउटलुक बंद करून, कारण उघडं असताना ती फाइल नीट कॉपी होत नाही. विक्रेत्याने बदल केल्यानंतर आलेला मेल आयात करताना दुहेरी नोंदी घेऊ नका हा पर्याय निवडला, नाहीतर ते दोन आठवडे दोनदा दिसले असते.

शेवटी अडलं ते ओटीपीवर. देवस्थानाचं एक गूगल खातं आधीपासून होतं, कुठल्याशा माजी सचिवाने उघडलेलं, आणि त्याला जोडलेला फोन त्यांचाच. ते आता समितीत नाहीत आणि गेल्या निवडणुकीपासून नव्या सचिवांशी बोलतही नाहीत. मास्तरांनी स्वतः त्यांना फोन केला, आकडे विचारून घेतले, आम्ही त्याच बैठकीत नंबर बदलून कार्यालयाचा मोबाइल घातला आणि गूगलने दिलेले दहा बॅकअप कोड छापून खजिनदारांच्या कपाटात ठेवले. खजिनदारांनी त्याची पावती मागितली.